रिकाम्या बाटलीतला रंग

दादा गेला तेव्हा मी कळंबोलीला एका लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या एकसष्टीत माईक धरून उभा होतो आणि नेमकी त्याचीच गोष्ट सांगत होतो. हे मी रंगवून सांगत नाहीये. रंगवून सांगणं हा माझा धंदाच आहे. लग्नं, बारशी, एकसष्ट्या, सोसायट्यांचे गणपती, जिथे लोकांना हसवायचं असतं तिथे मला बोलावतात. त्यामुळे घरचे लोक माझ्या बोलण्यातलं निम्मं आधीच वजा करून ठेवतात. पण हे जसं घडलं तसं आहे. समोर स्टीलवाले, ट्रान्सपोर्टवाले, त्यांची कुटुंबं, पुढच्या रांगेत हार घातलेला उत्सवमूर्ती. मी आवाज खाली आणला, दिवे मंद करायची खूण केली आणि म्हणालो, "सकाळी उठून बघतो तर ज्या बाटलीत काहीच घातलं नव्हतं, तिच्यातच रंग आलेला..." इथे मी नेहमी थांबतो. लोकांना श्वास घेऊ द्यायचा नसतो. त्या थांबण्यात साउंडवाल्याने माझा फोन स्टेजच्या कडेला उंच धरला. त्यावर वहिनींचं नाव होतं. माझा कार्यक्रम चालू असताना वहिनी कधीच फोन करत नाहीत.

"जेवून हात धुतले, खुर्चीत बसले... आणि बसलेच, भाऊजी," एवढंच त्या म्हणाल्या.

गोष्ट तिथेच राहिली. त्या हॉलमधल्या लोकांना त्या बाटलीचं पुढे काय झालं ते आजही माहीत नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

माझा मोठा भाऊ जनार्दन. गावात जनू, कॉलेजात जनार्दन सर, माझ्यासाठी दादा. आम्ही शिरवण्याचे. आजोबांची शेती होती, ती गेली, तिच्यावर शहर आलं, आणि आम्ही जुनं घर पाडून चार मजले चढवले आणि भाडेकरू ठेवले. वरच्या मजल्यावर आई, दादा आणि वहिनी. मी लग्नानंतर नेरुळला सोसायटीत. आमच्या लहानपणी गावाच्या मागे कारखान्यांचा पट्टा वाढत होता आणि तिथून येणारा नाला आम्हाला आठवड्याचे वार सांगायचा. निळा आला की कुणीतरी म्हणायचं, सोमवार. बाकीची मुलं त्यात होड्या सोडायची. दादा काठावर उकिडवा बसून विचारायचा की हा रंग येतो कुठून. पुढे तो रसायनशास्त्राचा मास्तर झाला यात आश्चर्य नव्हतं. आश्चर्य हे की त्याला विषारी वासाच्या रसायनांचा कंटाळा होता. "स्वयंपाकघरात करता येईल एवढं साधं रसायन पाहिजे," असं म्हणायचा, "सांडलं तर पुसून टाकता आलं पाहिजे."

आणि त्याला ते सापडलं. चांदीचं मीठ पाण्यात विरघळवायचं. ते पाणी दिसायला प्यायच्या पाण्यासारखंच, बिनरंगी. त्यात एखाद्या झाडाच्या पाल्याचा काढा घालायचा आणि उजेडात ठेवून द्यायचं. हळूहळू पाणी पिवळसर होतं, मग तांबूस, मग कडक चहासारखं. म्हणजे पानातल्या रसाने चांदीला मिठातून सोडवलं, आणि ती इतक्या बारीक कणांत सुटी झाली की चांदीसारखी दिसतच नाही. हे कण जंतू मारतात, पाणी गाळायच्या कापडात बसवता येतात, जखमेच्या पट्टीत घालता येतात. हे सगळं तो मला समजावून सांगायचा तेव्हा मी तोंड उघडं टाकून ऐकायचो, कारण चांदी घालून चहा मिळवणारा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

पाल्यापायी त्याने आमची जी अब्रू काढली तिला तोड नाही. त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पानं असत. माझ्या सोसायटीच्या बागेतून जास्वंदीची पानं तोडताना वॉचमनने त्याला धरलं आणि वर फोन केला, "साब, एक आदमी बोलता है आपका भाई है." मी खाली जाऊन नीट निरखून बघितलं आणि म्हणालो, ओळखत नाही. वॉचमनने त्याला गेटपर्यंत नेलं तेव्हा कुठे मी हसलो. एकदा उरणला नातेवाइकांकडे निघालो असताना मोऱ्याच्या धक्क्यावर तो चिखलात उतरून खारफुटीची पानं तोडायला लागला. टोपली घेऊन बसलेल्या कोळणीने त्याच्याकडे बघून मला विचारलं, "घरवाली जेवाया घालत नाय काय ह्याला?" तो पाला काही कामाचा निघाला नाही. खाडीच्या पानाला मीठ फार, त्याने बाटलीचं दूध झालं, नुसतं पांढरं गढूळ. आईने ते बघितलं आणि दही कधी लागणार म्हणून विचारलं.

आणि माझी बोटं. हे चांदीचं पाणी अंगाला लागलं तर त्या क्षणी काही दिसत नाही. उन्हात गेलात की काही तासांनी डाग उमटतात, काळे, आणि साबणाने जात नाहीत. कातडी बदलेल तेव्हाच जातात. मी एका नाटकात शहाजादा झालो होतो, आणि त्या सकाळी दादाच्या बाटल्या कौतुकाने हाताळून आलो होतो. दुसऱ्या अंकात मी राजकन्येचा हात हातात घेतला तर माझी पाचही बोटं कोळसेवाल्याची. ती हसायची थांबेना. दादा प्रेक्षकांत बसून सगळ्यांना सांगत होता की काळजी करू नका, ती शुद्ध चांदी आहे.

आता ती बाटली.

पंधराएक वर्षांपूर्वी दादा कॉलेजात शिकवता शिकवता डॉक्टरेट करत होता. आईने अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. दारावर "डॉ." लिहिलेली पाटी लागणार म्हणून संगमरवराचा तुकडासुद्धा बघून ठेवला होता तिने. सुट्टीत प्रयोगशाळा बंद असायची, म्हणून दादाने शेवटचा भाग घरी, स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडला. तिथे सकाळचं ऊन चांगलं येतं. एका ओळीत बाटल्या, प्रत्येकीत चांदीचं पाणी आणि वेगवेगळ्या पाल्याचा काढा. आणि ओळीच्या शेवटी एक बाटली, तिच्यात काढा नाही, नुसतं चांदीचं पाणी. ही बाटली बिनरंगी राहिली पाहिजे. ती तशी राहिली तरच सिद्ध होतं की बाकीच्यांतला रंग पानांनी आणला, उन्हाने नाही, पाण्याने नाही, बाटलीने नाही. आईला त्या शेवटच्या बाटलीची फार दया यायची. "बाकीच्यांना चाय पाजलीस, हिलाच नुसतं पानी? ही काय सावत्र हाय?" असं ती येताजाता विचारायची.

एका सकाळी त्या सावत्र बाटलीत रंग आला. पिवळा, थोडा तांबूस, अगदी तिच्या बहिणींसारखा. आत काही पडलेलं नव्हतं, तळाशी काही नव्हतं, कापसाचा बोळा जागच्या जागी. दादाने घरातल्या प्रत्येकाला विचारलं. वहिनींनी हात लावला नव्हता, मी नेरुळला होतो. आईने गावदेवीची शपथ घेऊन सांगितलं की बाटल्यांत कुणी काही घातलेलं नाही. आई खोटी शपथ घेणारी नव्हती.

दादाने पुन्हा बाटल्या मांडल्या. शेवटची स्वच्छ राहिली. पुन्हा मांडल्या, पुन्हा स्वच्छ. पण ती एक बाटली त्याच्या मानेवर बसली. मुंबईतले त्याचे मार्गदर्शक भले गृहस्थ होते. ते म्हणाले, ती एक नोंद सोडा आणि पुढे चला, असं होतं कधीकधी. दादा म्हणाला, "सर, सगळ्यांत तीच एक खरं बोलतेय असं निघालं तर?" ती नोंद गाळायला तो तयार नव्हता, आणि ठेवायची तर कारण द्यायला हवं होतं, आणि कारण त्याच्याकडे नव्हतं. जेवताना मध्येच उठून खिडकीपाशी जायचा. माझ्याशी बोलता बोलता थांबायचा... मी विचारायचो काय झालं, तर म्हणायचा, "त्यात काही नव्हतं रे बाळ्या. मग रंग आला कुठून?" देव न मानणारा, भूत न मानणारा माझा भाऊ, आणि त्याला एका पाण्याच्या बाटलीने झपाटलं होतं. आईने आपल्या परीने इलाज केला. "कोनाची तरी नजर हाय," असं ठरवून तिने त्या बाटल्यांची मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. भाडेकरू ठसकत खाली धावले. तिने दादाच्या पदवीसाठी मंगळवार धरले होते, ते ती अधिक कडक करायला लागली.

वर्षभराने दादाने डॉक्टरेट सोडली. एका संध्याकाळी चहा पिता पिता सांगितलं, जमत नाही, सोडली. आईने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि संगमरवराचा तुकडा तुळशीवृंदावनाच्या पायाशी बसवून टाकला.

मी मात्र त्या बाटलीचं सोनं केलं. दुःखाची गोष्ट घरात तशीच पडू द्यायची नाही, असा माझा स्वभाव. मी त्यात एक भूत घातलं. नाल्याकाठी राहणारं, कारखान्याच्या रंगांची सवय झालेलं, नाला बुजवल्यामुळे बेघर झालेलं भूत, जे रात्री खिडकीतून आत येतं आणि बिनरंगी पाणी बघवत नाही म्हणून त्यात रंग कालवून जातं. ही माझी सगळ्यात चाललेली गोष्ट. पहिल्यांदा घरीच सांगितली, गणपतीत, आरतीनंतर. आई पदर तोंडाला लावून हसली. आणि दादा... मला वाटलं होतं तो रागावेल. तो सगळ्यात मोठ्याने हसला. तेव्हापासून तोच माझा पहिला चाहता. घरी पाहुणे आले, त्याचे विद्यार्थी आले, कुणी त्या बाटलीचा विषय काढला, कुणी डोकं लढवायला लागलं की धूळ गेली असेल, पान पडलं असेल, की दादा लगेच म्हणायचा, "बाळ्या, तू ती भुताची सांग." मी सांगायचो. मला प्रेक्षक मिळाला की बाकी काही दिसत नाही.

आई चार वर्षांपूर्वी गेली. दादा शिकवत राहिला, खिडकीत बाटल्या मांडत राहिला. त्याच्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकी काही जणांच्या नावामागे डॉक्टर लागलं. ती पेढे घेऊन यायची आणि तो त्यांना आधी विचारायचा, शेवटची बाटली ठेवली होतीस ना.

तो गेला त्या सकाळीही त्याने ओळ मांडली होती. काढा अगदी पातळ घातला असावा, दहाव्याला मी खिडकीपाशी गेलो तेव्हा कुठे बाटल्यांत फिकट पिवळा रंग होता. वहिनी कुणाला हात लावू देत नव्हत्या. तेराव्याला गेलो तर पिवळ्याचा तांबूस झालेला. महिन्याने कडक चहा. मी पुष्कळ भुतं रंगवली आहेत, पण असलं एकही नाही. माणूस नाही, आणि त्याने सकाळी सुरू केलेलं काम खिडकीत आपलं चाललंय, घाई नाही, कुणाची वाट बघणं नाही. बाहेरच्या खोलीत माझा चुलता दादाच्या पेन्शनच्या कागदांचं बोलत होता आणि मी आत ऐकत उभा होतो, आता चपला वाजतील, आता तो येऊन बाटली उजेडात धरेल. दरवेळी माझं लक्ष आधी ओळीच्या शेवटी जायचं. शेवटची बाटली स्वच्छ होती.

मागच्या आठवड्यात ग्रहण होतं. संध्याकाळचं, पण वेध सकाळपासून. आमच्याकडे वेध लागले की घरातल्या सगळ्या पाण्यात, दुधात, शिजवलेल्या अन्नात तुळशीचं पान टाकायचं आणि ग्रहण सुटलं की काढून टाकायचं, ही आईची पद्धत. ती गेल्यावर वहिनींनी चालू ठेवली. त्या सकाळी मी काही कागदांवर सही करायला गेलो होतो. वहिनी तुळशीची पानं घेऊन घरभर फिरत होत्या. पिंपात एक, कळशीत एक, दुधाच्या पातेल्यात एक. मग खिडकीपाशी आल्या, दादाच्या बाटल्यांची ओळ उचलून एकेक करून कपाटात ठेवली, कुलूप लावलं, आणि रिकाम्या झालेल्या जागी काचेचा एक ग्लास ठेवला. साधा, पाणी भरलेला. त्यात पान टाकलं.

मी विचारलं, हा कुणासाठी?

"हा ह्यांचा," वहिनी म्हणाल्या. "दर ग्रहणाला ठेवायचे. आई गेल्यावरही ठेवायचे, आणि पान स्वतः टाकायचे."

माझा दादा, जो ग्रहण लागलेलं असताना मुद्दाम गच्चीवर उभा राहून भजी खायचा.

वहिनी मग खुर्चीत बसल्या, दादाच्याच, आणि त्यांनी मला सांगितलं. त्या बाटलीत रंग आला त्याच्या आदल्या दिवशी ग्रहण होतं. ही गोष्ट तेव्हा कुणाच्या डोक्यातच आली नाही. पुढच्या ग्रहणाला दादा कॉलेजातून लवकर आला. आई हंड्याकळशीतली पानं काढत होती आणि काढता काढता सहज बोलून गेली. "गेल्या गिरानाला तुज्या त्या पान्याच्या बाटलीत बी मीच टाकली होती तुलस. बाकीच्यांत चाय होती, हिच्यात नुसतं पानी. तुजं ध्यान कुठं असतं." वहिनी ओट्यापाशी होत्या. दादा दारात उभा राहिला. त्यांना वाटलं आता तो खाली बसणार. त्याने चप्पल काढली, आत आला आणि म्हणाला,

"बरं केलंस, आई."

तुळशीचं पान टाकणं म्हणजे आईच्या लेखी काही घालणं नव्हतंच. घालणं म्हणजे काहीतरी वाईट, बाहेरचं. म्हणून तर गावदेवीची शपथ तिने बिनधोक घेतली होती. ग्रहण सुटल्यावर तिने पान काढून टाकलं होतं, पण तोवर पानाने आपलं काम केलं होतं. रंग सावकाश चढत सकाळी दिसला.

मी वहिनींना म्हणालो, मग अजून वेळ होता की. कारण सापडलं होतं. लिहायचं होतं आणि मोकळं व्हायचं होतं.

"मीपण तेच म्हणाले," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणाले, लिहिलं तर तोंडी परीक्षेत विचारणार. आणि आईला पुढच्या रांगेत बसवीन असं मी कबूल केलंय. तिथे चार लोकांत तिला कळणार की तिच्या हाताने झालं. मंगळवार कुणासाठी धरत होती ती? म्हणाले, आईने ती बाटली बिघडवली नाही गं, तिला एकटीलाच वाचवायला घेतलं होतं."

लपवणं त्याच्याने होत नव्हतं आणि लिहिणं त्याला नको होतं. म्हणून त्याने पदवीच सोडली. आणि दर ग्रहणाला बाटल्या कपाटात ठेवून त्या जागी आईसाठी ग्लासभर पाणी ठेवलं, म्हणजे तिला तिथे पान टाकायला काहीतरी असावं, आणि बाटल्या का हलवल्या असं तिने विचारू नये.

मग मी म्हणालो, मला तरी सांगायचं. मी त्याचा सख्खा भाऊ.

"तुम्हाला?" वहिनी पहिल्यांदाच हसल्या, तेरा दिवसांनंतर, महिन्यानंतर, काय असेल ते. "तुम्ही दुसऱ्या दिवशी माईकवर सांगितलं असतं, भाऊजी. आणि त्यांना तुमचं भूत हवं होतं. आईसमोर कुणी त्या बाटलीचं कारण शोधायला लागलं की ते तुम्हाला पुढे करायचे. म्हणायचे, बाळ्याचं भूत आहे तोवर आईचं नाव कुणी घेत नाही."

मी इतकी वर्षं समजत होतो की मी दादाच्या दुःखाला हसू करून दिलं. त्याने माझ्या भुताला कामाला लावलं होतं. आईच्या आणि त्या बाटलीच्या मध्ये ते वर्षानुवर्षं उभं होतं, आणि मी समोर बसलेल्या आईच्या हसण्यावर खूश होऊन आणखी रंग भरत होतो. हे लिहू का, असं मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, आता लिहा, आता दोघांपैकी कुणाला वाचायला लागणार नाही.

ग्रहण सुटेपर्यंत मी घरी गेलो नाही. चंद्र कारखान्यांच्या वर आला तेव्हा वहिनी पिंपाकडे, कळशीकडे वळल्या आणि मला म्हणाल्या, "तेवढं ह्यांच्या ग्लासातलं काढता का?" मी पान काढलं. बोटं ओली झाली, ती शर्टाला पुसली नाहीत. आत नुसतं पाणी होतं, नळाचं, त्याला रंग येण्याचं काही कारण नव्हतं. वहिनींनी दोनदा जेवायला हाक मारली. मी खिडकीपाशी खुर्ची ओढून बसलो होतो आणि त्या पाण्याकडे बघत होतो... अजून थोडा वेळ देऊ, म्हटलं. त्याचा रंग सावकाश चढतो.